काही न करण्याची खटपट

६ जानेवारी

आज डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर तपासलं आणि उपाय मात्र बायकोला, शारदेला, सांगितला. गोळी सकाळी एक, आणि साहेबांना जरा कमी बोलू द्या. मी समोरच बसलो होतो. मी विचारलं, कमी बोलण्याचा आणि रक्तदाबाचा संबंध कोणत्या आधारावर लावला, तशी काही नोंद आहे का, आणि बाहेरच्या बाकावर पेशंट नंबराप्रमाणे का बसत नाहीत. डॉक्टर शारदेला म्हणाले, "हेच ते."

दिवाळीआधी निवृत्त झालो. सगळी नोकरी बऱ्हाणपूरच्या एका सरकारी रेकॉर्ड रूममध्ये हिंदीत लिहिण्यात गेली, म्हणून ही डायरी मराठीत. घरी बसल्यापासून जमेल तेवढी व्यवस्था लावतो आहे. मसाल्याच्या डब्यांना क्रमांक दिले. शारदेला हळद हवी असली तर तिने फक्त सात नंबर म्हणायचं. ती म्हणत नाही, हात घालून घेते. आमच्या लोधीपुऱ्यात कचऱ्याची गाडी कोणत्या घरापुढे किती वेळ थांबते याचा तक्ता करून गाडीवाल्याला दाखवला. आता तो आमच्या घरापुढे थांबतच नाही.

संध्याकाळी हिमानीने शाळेच्या लायब्ररीतून एक पातळसं पुस्तक आणून दिलं. ती इथल्या एका खाजगी शाळेत सायन्स शिकवते. पुस्तक चीनमधल्या ताओ नावाच्या जुन्या मताबद्दल आहे. म्हणाली, "बाबा, हे वाचा. यात म्हणतात, काहीच करायचं नाही. तुमच्या बीपीला एकदम बेस्ट." अठ्ठावीस वर्षांची झाली, लग्न जमत नाही, तरी पोरीचा स्वभाव चिडका झालेला नाही. बापाची काळजी घेते. बरं वाटलं.

८ जानेवारी

पुस्तक उघडलं आणि पहिल्याच पानावर थबकलो. ज्या म्हाताऱ्यापासून हे मत सुरू झालं असं मानतात, तो राजाच्या दरबारात रेकॉर्ड कीपर होता. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, पण काम तेच. जुनी दप्तरं सांभाळायची, कोणी मागितलं की काढून द्यायचं, वाळवीवर नजर ठेवायची. वाळवीचा उल्लेख पुस्तकात नाही, पण ती असणारच.

त्याचं नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे छापलंय आणि एकही मला धड म्हणता येत नाही, म्हणून मी त्याला नुसतं म्हातारा म्हणणार. तो जन्मालाच म्हातारा आला. आईच्या पोटात कोणी म्हणतं बासष्ट वर्षं होता, कोणी म्हणतं एक्याऐंशी, आणि बाहेर आला तो पांढरे केस घेऊनच. हे मी शारदेला मोठ्याने वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "आणि त्या बाईचं काय झालं?" मी पुढची पानं चाळली. त्या बाईचं कुठेच काही दिलेलं नाही.

शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय की असा माणूस खरोखर होऊन गेला की नाही याबद्दल जाणकारांना शंका आहे, कारण पक्की नोंद मिळत नाही. याचा मला राग आला. नोंद नाही म्हणून माणूस नाही, असं कसं? आमच्या काउंटरवर चांगले चालतेबोलते लोक उभे असायचे आणि त्यांची नोंद सापडायची नाही. त्यांना मी कधी तुम्ही झालाच नाहीत असं म्हणालो नाही. एकदा म्हणालो होतो, पण ते प्रकरण वेगळं होतं.

११ जानेवारी

ताओ म्हणजे वाट. जगाची स्वतःची एक चाल आहे. तिच्या आड येऊ नये, ओढाताण करू नये, जे आपसूक होतंय ते होऊ द्यावं. याला ते न-करणं म्हणतात. मला हे इतकं पटलं की लगेच वेळापत्रक केलं. सकाळी सहा ते सात न-करणं. सात ते आठ दूध, पेपर, आंघोळ. दहा ते बारा पुन्हा न-करणं. दुपारची झोप न-करण्यात धरायची की वेगळी दाखवायची हे अजून ठरलेलं नाही.

आज पहिला दिवस. सहाला पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलो. शारदा झाडू घेऊन आली, म्हणाली पाय वर घ्या. मी सांगितलं, मी न-करतो आहे. ती म्हणाली, "मग ते पाय वर घेऊन करा." थोड्या वेळाने लक्षात आलं की अंगणातला नळ टपटपतोय. न-करणाऱ्याने तिकडे लक्ष देऊ नये. मी दिलं नाही. मग उठून बंद करायला गेलो, तर तोटीच हातात आली. पाणी पायरीपर्यंत गेलं. प्लंबर दुपारी आला.

निश्चय मात्र पक्का आहे. ही एकट्याने करायची गोष्टच नाही. मंडळ काढावं लागेल.

१५ जानेवारी

मंडळाचा बोर्ड करायला शनवाऱ्यात एका फ्लेक्सच्या दुकानात गेलो होतो. दुकान मयूर नावाच्या तरुणाचं. नम्र मुलगा. मी लोधीपुरा म्हटलं तर पत्ता न विचारताच म्हणाला, "हिमानी मॅडमचं घर ना, मालूम आहे मला." शाळेच्या गॅदरिंगचे फ्लेक्स तोच छापतो. मी उभ्या उभ्या ताओ समजावला. दुकानात गिऱ्हाइकं ताटकळली होती, तरी त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मंडळाचा पहिला सभासद झाला.

चित्र मी त्याला सविस्तर सांगितलं. पांढऱ्या दाढीचा म्हातारा, रेड्यावर बसून निघालेला. कारण कथा अशी आहे की म्हातारा दरबारातल्या भानगडींना विटला आणि एक दिवस रेड्यावर बसून पश्चिमेकडे निघून गेला. मयूरला चिनी म्हातारा काही मिळाला नाही. त्याच्याकडे वाहतूक सप्ताहाचं "हेल्मेट घाला" हे चित्र तयार होतं. त्यातलाच रेडेवाला त्याने उचलला, गदा काढून हातात पुस्तक दिलं आणि मिशा पांढऱ्या केल्या. मुकुट तसाच राहिला.

काल संक्रांतीचा मुहूर्त साधून बोर्ड दारावर लावला. तिळगूळ द्यायला येणारे लोक गल्लीतूनच परत जाऊ लागले. समोरचे भाऊसाहेब महिनाभर अंथरुणावर आहेत आणि त्यांचा पलंग खिडकीशी आहे. सकाळी त्यांनी डोळे उघडले तर समोर रेड्यावर यमराज आणि खाली "आपले सहर्ष स्वागत". त्यांचा मुलगा रितेश तणतणत आला. "काकाजी, काही तर शरम ठेवा. बाबूजी जिंदा आहेत अजून." मी त्याला सांगितलं की हे यमराज नव्हेत, चीनचे एक निवृत्त रेकॉर्ड कीपर आहेत. त्याचं समाधान झालं नाही. बोर्ड उतरवावा लागला.

पण खिडकी लावायला भाऊसाहेब स्वतः उठून चालत गेले. महिन्याभरात पहिल्यांदा. मंडळाचं हे पहिलं यश म्हणायला हरकत नाही.

२४ जानेवारी

मंडळाची बैठक दर रविवारी असते. सभासद दोन, मी आणि मयूर. तो मात्र मंगळवार, गुरुवार, शुक्रवारही येतो. इतकी तहान मी कोणाला पाहिली नाही. आज पाण्याचा विषय घेतला. पाणी भांडत नाही, खालची जागा शोधतं, मऊ असूनही दगड झिजवतं. म्हटलं, आपल्या कुंडी भंडाऱ्याचंच बघ, मोगलांच्या वेळचे ते जमिनीखालचे कालवे. ना पंप, ना मोटर, उतारावरून आपसूक गावात पाणी येतं. मयूर स्वयंपाकघराकडे पाहत म्हणाला, "मतलब काकाजी, कोणी बोलावलं नाही तरी येतं." मी म्हणालो, अगदी बरोबर.

हिमानीलाही गोडी लागली आहे. पूर्वी कोणी आलं तर खोलीतून बाहेर येत नसे. आता चहा स्वतः आणते आणि चर्चा संपेपर्यंत दाराला टेकून उभी असते. मयूर गेल्यावर म्हणाली, "बाबा, मला तुमच्याशी एक बोलायचं होतं." मी तिला समजावलं की खरी गोष्ट शब्दांत सांगितली की खरी राहत नाही, हा ताओचा पाया आहे. ती थोडा वेळ बसली, मग कप उचलून आत गेली. पोरगी पटकन शिकते.

मयूर मुलगा चांगला आहे. दुकानदार आहे एवढंच. ज्याला दरमहा पगार नाही त्याला कोणी मुलगी कशी देईल? हिमानीसाठी माझी अट पहिल्यापासून एकच आहे, जावई नोकरीवाला पाहिजे. ती याबाबत कधी काही बोलली नाही, म्हणजे तिलाही मान्य आहे.

२ फेब्रुवारी

रावेरहून माझी बहीण मंगला आली आणि स्थळ घेऊन आली. मुलगा चेतन, जळगावला बँकेत आहे. वडील धर्मेंद्रजी रावेरचेच, सरळ माणूस. पुढच्या रविवारी आपल्याकडे बैठक ठेवली आहे.

आमच्यात बैठकीची रीत जुनी आहे. दोन्हीकडची माणसं सतरंजीवर बसतात, मुलगी आतल्या खोलीत असते, आणि सगळ्यांत वडील माणूस मुलीच्या बापाला तीनदा विचारतो, काही हरकत? मुलीचा बाप हो म्हणत नाही. आपल्या तोंडाने मुलगी देतो म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून तो गप्प राहतो. गप्प राहिला की होकार धरायचा आणि साखर वाटायची.

माझ्यावर अशा तीन बैठका आल्या आणि तिन्ही मोडल्या. पहिल्या वेळी मी मुलाच्या जन्मदाखल्यातली चूक दाखवून दिली. दुसऱ्या वेळी नवऱ्या मुलाच्या काकांना त्यांच्या शेताची हद्द कशी चुकीची लागली आहे ते कागद काढून समजावलं. तिसऱ्या वेळी काय बोललो ते आठवत नाही, पण लोक जेवण टाकून गेले. मंगला हात जोडून म्हणाली, "विनायक, या बखत तोंड बंद ठेव, तुझ्या पाया पडते."

मी हसलो. मंगलाला काय माहीत, तिचा भाऊ आता कुठल्या वाटेवर आहे. हिमानीला विचारलं, तुला दडपण नाही ना आलं? ती वह्या तपासत होती. मजेत म्हणाली, "मला कशाचं टेन्शन? ठेवा ना बैठक. तुम्ही असणारच ना तिथे." बापावर केवढा हा विश्वास.

९ फेब्रुवारी

आजचा दिवस मी विसरणार नाही.

माणसं आली, बसली, चहा झाला. धर्मेंद्रजी बोलता बोलता म्हणाले की आमचं घर आजोबांच्या नावावर आहे अजून. म्हणजे वारस नोंद झालेली नाही. पूर्वीचा मी तिथेच सुरू झालो असतो. जिभेच्या टोकावर आलं होतं. मी गिळलं. मंगलाने माझ्याकडे पाहिलं, मी मंद हसलो. आतल्या खोलीच्या पडद्याआडून हिमानीने खोकून पाहिलं. मी तसाच.

वडीलधाऱ्यांनी विचारलं, काही हरकत? मी डोळे मिटले. दुसऱ्यांदा विचारलं. पडदा जोरात हलला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या मनात खरोखर काहीच नव्हतं, इतकी शांतता मी नोकरीत एक दिवसही अनुभवली नव्हती. डोळे उघडले तर माझ्या तोंडात साखर होती.

काहीही न करता सगळं झालं. ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं घसा कोरडा केला ती नुसतं बसल्याने घडून आली. मंगलाने माझ्यावरून बोटं मोडली. हिमानी बाहेर आली, सगळ्यांच्या पाया पडली आणि आत गेली. तिचे डोळे भरले होते. मुलींना अशा वेळी आनंद सोसत नाही.

१२ फेब्रुवारी

मयूर मंगळवारी आला नाही. फोन केला तर म्हणाला, "तबियत ठीक नाही काकाजी." आवाज खोल गेलेला. हवा बदलते आहे, सगळीकडे सर्दी-ताप आहे.

हिमानीही बोलत नाही. शाळेतून येते आणि दार लावून घेते. मी दाराबाहेरून म्हणालो, मौनाची पायरी इतक्या लवकर गाठलीस, मला तर महिना लागला. आतून काहीतरी भिंतीवर आपटल्याचा आवाज आला.

१५ फेब्रुवारी

घरात विचित्र प्रकार सुरू आहे. परवा सकाळी चहा आला नाही. स्वयंपाकघरात गेलो तर शारदा पाटावर भिंतीला टेकून बसली होती. चहा, म्हटलं. ती म्हणाली, "होईल आपसूक."

मला वाटलं थट्टा आहे. दुपारी स्वयंपाक नव्हता. संध्याकाळी नव्हता. ती आणि हिमानी शेजारी मंगलमूर्तीच्या देवळात प्रसादाला जाऊन आल्या, मला सांगितलं नाही. आज मी स्वतः खिचडी टाकली. हळद म्हणून सात नंबर काढला तर त्यात जिरं होतं. डबे कोणी बदलले असं विचारलं. शारदा म्हणाली, "कोणी नाही बदलले. त्यांची चाल आहे."

जेवताना मी म्हणालो, तुला काही सांगायचं असेल तर सरळ सांग. शारदेने सांगितलं. "पोरीला विचारलं का तुम्ही?" मी म्हणालो, विचारणं म्हणजे ढवळाढवळ. तिने माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या माझ्यापासून लांब सरकवला. लग्न ठरलेल्या घरात हे वागणं मला कळत नाही. मन उदास झालं. म्हाताऱ्यालाही शेवटी जावंच लागलं होतं.

१७ फेब्रुवारी

आज घर सोडलं होतं. संध्याकाळी परत आलो. मधलं लिहितो.

जायचं तर म्हाताऱ्यासारखं पश्चिमेला जायला हवं होतं, पण तिकडे रावेर लागतं आणि रावेरात मंगला राहते. म्हणून निंबोल्याला गेलो, माझा चुलतभाऊ कडू याच्या शेतावर. गोळ्या आणि टॉवेल बरोबर घेतला होता. कडूकडे केळीची कापणी चालू होती, ट्रक उभा होता. मी त्याला म्हटलं, मला एक रेडा दे, मी जातो. तो म्हणाला, "भाऊ, रेडा कुठून आणू? एक म्हैस आहे, दुभती आहे. आणि आज मला बोलाले टाइम नाही." तो घड मोजायला गेला. मी बांधावरून म्हशीवर बसलो.

म्हैस थोडी चालली. मला फार बरं वाटलं. मग तिने दिशा बदलली, शेततळ्याच्या कडेच्या डबक्यात शिरली आणि बसली. पाणी माझ्या कमरेपर्यंत आलं. ओढाताण करायची नाही म्हणून मीही बसून राहिलो. कडूची बायको सरुबाई दोनदा येऊन बघून गेली. मग तिने हिमानीला फोन लावला, मला ऐकू येत होतं. "तुझे बाबा म्हशीवर बसून पाण्यात आहेत आणि उतराचं नाव घेऊन नाही राहिले."

हिमानी शाळेतून स्कूटीवर आली. कडेला चप्पल काढून बसली. म्हणाली, "कुठं चालले होते?" बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज ऐकला. मी तिला म्हाताऱ्याची पुढची गोष्ट सांगितली. देशाच्या शेवटच्या घाटात एक नाका होता. नाकेदाराने म्हाताऱ्याला ओळखलं आणि अडवलं. म्हणाला, जायचं तर जा, पण आयुष्यभरात जे कळलं ते आधी सांग. म्हातारा गप्प राहणारा माणूस, त्याला त्या नाकेदाराने बोलायला लावलं, म्हणून ताओ लोकांना कळला.

"आणि त्यानं अडवलं नसतं तर?"

"तर काहीच मागे राहिलं नसतं."

"मग आता मी अडवून राहिले," हिमानी म्हणाली. "बोला. बैठकीत का नाही बोलले तुम्ही?"

मी म्हणालो, सगळं छान आपसूक होत होतं.

"आपसूक? बाबा, मी निश्चिंत होते. म्हटलं, बाबा बसले आहेत ना, पाच मिनटांत मोडतील. जिंदगीत तुम्ही कधी चूप बसले नाहीत. तीन वेळा मोडलं तुम्ही, मी तीनही वेळा आत बसून हसत होते. आणि चौथ्या वेळी तुम्हाला चीन आठवला."

"तुला नको होतं तर तू बोलायचंस."

"मी आत होते. सतरंजीवर तुम्ही होते."

 मी विचारलं, दुसरं कोणी आहे का? ती म्हणाली, मयूर. मी म्हटलं, कोण मयूर? ती म्हणाली, "बाबा." मी म्हटलं, तो तर माझा शिष्य आहे. ती म्हणाली, "त्याला ताओमधलं काही नाही कळत. तो चहाला येतो."

खरं लिहायचं तर पहिल्यांदा वाईट वाटलं ते याचंच. बाकीचं मागून आलं, आणि ते जास्त आलं. जावई नोकरीवाला हवा ही माझी अट मी तिला कधी विचारून घातली नव्हती. ती गप्प होती, मी होकार धरला. तिने काही बोलायचं म्हटलं तेव्हा मीच तिला शब्दांचं वावडं सांगितलं. आणि बैठकीत मी डोळे मिटून बसलो ते काही न करणं नव्हतं. मी तिचं लग्न लावून देत होतो. माझ्या पोरीचं आयुष्य पडद्याआड धडपडत होतं आणि मी माझ्या शांततेचं कौतुक करत होतो. मला रडू आलं. हिमानी पाण्यात उतरली आणि माझा हात धरला. कडू काठी घेऊन आला तेव्हा म्हैस उठली.

येताना स्कूटीवर मागे बसून मी म्हटलं, रविवारी रावेरला जाऊ. साखर मी खाल्ली आहे, मीच परत करतो.

२३ फेब्रुवारी

रावेर. मी, शारदा, हिमानी. काय बोलायचं ते चार दिवस तयार करत होतो, शेवटी भाषण बरंच मोठं झालं. म्हाताऱ्याच्या जन्मापासून सुरुवात होती.

धर्मेंद्रजींच्या घरी सगळे जमले. लग्नाच्या तारखेसाठी आलो आहोत असंच त्यांना वाटत होतं. चेतनच्या आजीने मला सांगितलं की तिने सगळ्या गल्लीत पेढे वाटले. मी उभा राहिलो. भाषण डोक्यात होतं, पण हिमानी या वेळी आतल्या खोलीत नव्हती, माझ्या शेजारी होती. मी एवढंच म्हणालो, "मुलीची मर्जी नाही. मी तिला विचारलं नव्हतं. चूक माझी आहे, तिला कोणी बोलू नका."

धर्मेंद्रजी म्हणाले, "तीन दफे विचारलं होतं. तेव्हा तुमची जीभ कुठे होती?" याचं उत्तर देता आलं असतं. नाका, घाट, म्हातारा, सगळं. शारदा माझ्याकडे बघत होती. मी हात जोडून उभा राहिलो.

चेतन म्हणाला, "ठीक आहे, लग्नानंतर कळलं असतं तर काय केलं असतं." चेहरा उतरला होता त्याचा. चांगला मुलगा आहे, त्याला दुखावल्याचं मला फार लागलं. मंगला रडत होती. निघताना तिने पाणीसुद्धा विचारलं नाही, म्हणाली, "बोलू नको म्हटलं तर बोलायचास, आता गप्प बसायचं तर बसलास, आणि मग येऊन बोललास. तुझं काय करू मी?"  राखीपर्यंत तिचा राग उतरावा.

घरी आल्यावर शारदेने न सांगता चहा टाकला.

२७ फेब्रुवारी

शारदेचं म्हणणं, मयूरच्या बाबतीत आता घाई करायची नाही. मुलाकडच्यांनी आधी यावं, मुलीच्या बापाने आपल्या तोंडाने काही काढू नये. आठ-पंधरा दिवसांत ते येतीलच. हिमानीही म्हणाली, "बाबा, प्लीज, तुम्ही जाऊ नका." मी कबूल केलं. दोघींना खात्री वाटावी म्हणून काही न करता खुर्चीत बसून दाखवलं.

दुपारी शारदा बाजारात गेली आणि मी मयूरच्या घरी गेलो.

त्याचे वडील योगेंद्रजी कपड्याचं काम करतात, घराच्या पुढच्याच खोलीत चार पॉवरलूम आहेत आणि चारही चालू होते. मयूर मला बघून धाग्याच्या रिळांच्या थप्पीआड गेला. योगेंद्रजींनी हाताने विचारलं, काय? मी सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी कान पुढे केला. मी छाती भरून घेतली आणि सगळा जोर लावून ओरडलो, आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. चारही माग बंद पडले. शेजारच्यांचेही पडले.

"माझ्या हिमानीला तुमचा मयूर आवडतो, आणि मलाही आवडतो," हे सगळ्या गल्लीने ऐकलं. समोरच्या ओट्यावर डाळ निवडणाऱ्या बाया थांबल्या. आमच्या घराण्यात आजवर कोणत्याच बापाने असं तोंडाने म्हटलं नसेल.

योगेंद्रजींनी खांद्यावरच्या फडक्याने हात पुसले आणि मला स्टुलावर बसवलं. "इतक्या जोरात कशाला भाऊ," ते म्हणाले, "आमच्याकडे तर सगळ्यांना मालूम आहे. वाट बघून राहिलो होतो, तुम्ही हो म्हणाल की नाही."

पुढे बोलायला माझ्याकडे खूप होतं. पोरगी चहात साखर कमी घेते, रागावली की दार लावते पण कडी लावत नाही, असं बरंच.  लाईट आली, माग सुरू झाले, तरी मी तिथे बसून डोळेच पुसत होतो.